मागून फाडलेली पुस्तकं

जामच्या चौकात नागपूरहून आलेला मोठा रस्ता चंद्रपूरकडे एक फाटा टाकतो आणि आपण पुढे हैदराबादेकडे निघून जातो. त्या गडबडीतून बाहेर पडून गावात शिरलं की डाव्या हाताला ओमप्रकाश गुल्हानेचं किराणा दुकान लागतं. दुकानावर पाटी आहे, पण पाटी बघून कोणी येत नाही. चौकात कुणालाही "पुस्तकवाल्या ओमभाऊचं दुकान कोणतं?" असं विचारा, चहावाल्यापासून टायरवाल्यापर्यंत सगळे एकाच दिशेनं बोट दाखवतात. आता दुकानात पुस्तक औषधालाही नाही. शॅम्पूच्या पुड्यांच्या माळा आहेत, बिस्किटं आहेत, मोबाइलचं रिचार्ज आहे. पण एकदा पडलेलं नाव काही पुसून निघत नाही.

पूर्वी या नावानं ओमप्रकाशला मूठभर मांस चढायचं. आता कुणी 'पुस्तकवाले' म्हणालं की त्याची मान खाली जाते आणि तो स्वच्छ असलेला तराजू पुन्हा पुसायला घेतो. त्याला लाज वाटते. कशाची, ते त्यानं बायकोलाही सांगितलेलं नव्हतं.

सगळं सुरू झालं ते रद्दीपासून. ओमप्रकाशचे वडील सदाशिवराव हे प्लास्टिकच्या पिशव्या यायच्या आधीचे दुकानदार. तेव्हा जिरं, मिरची, शेंगदाणे, साखर, सगळं कागदात बांधून जायचं. त्यासाठी ते हिंगणघाटच्या रद्दीवाल्याकडून पोती भरून पुस्तकं आणत. कुठल्याशा बंद पडलेल्या वाचनालयाची, वारलेल्या मास्तरच्या घरची, कॉलेजच्या पोरांनी परीक्षा होताच विकून टाकलेली. कधी सावंगीच्या डॉक्टरकीच्या पोरांचे इंग्रजी ठोकळेही येत. त्यांचा कागद गुळगुळीत, पुडी बांधली तर मिरची हळूच बाहेर, म्हणून ते तसेच पडून राहत आणि त्यातली आतड्यांची चित्रं बघून ओमप्रकाशचं जेवण राहून जाई.

पोराला वाचायचा नाद लागला, तो या पोत्यांपायी. सदाशिवरावांना त्याचं वावडं नव्हतं, पण धंदा तो धंदा. त्यांनी पोराशी सरळ सौदा केला.

"वाच ना बापा, कोण नाई म्हणते? पण गिऱ्हाईक तुह्यासाठी थांबणार नाई. तू पुढून ये, मी मागून येतो."

आणि खरोखरच तसं चालायचं. पुस्तकाची मागची जिल्द आधी उखडायची, मग शेवटच्या पानापासून फाडत यायचं. ओमप्रकाश पहिल्या पानापासून डोळे ताणून पुढे सरकायचा आणि शेवटाकडून साखर-शेंगदाणे त्याच्यावर चालून यायचे. बाजाराच्या दिवशी तर त्याची नुसती धांदल उडे. एका खुनाच्या गोष्टीत पोलीस घरात शिरला, सगळ्यांना एका रांगेत उभं केलं, आणि पुढचं पान नव्हतं. खुनी जिऱ्याबरोबर कुणाच्या तरी घरी निघून गेलेला होता. एका समुद्रावरच्या गोष्टीत जहाज बुडालं की तरलं, तेही त्याला कळलं नाही. गावातला एवढा नामी वाचक, पण खरं सांगायचं तर त्यानं वयाच्या पंचविशीपर्यंत गोष्टीचं एकही पुस्तक शेवटपर्यंत वाचलेलं नव्हतं.

पण हे बोलून दाखवील तर तो ओमप्रकाश कसला! दुकानासमोरच्या बाकावर एसटीची वाट बघणारी माणसं बसायची, पंक्चर काढायला थांबलेले ट्रकवाले बसायचे. ओमप्रकाश त्यांना वाचलेलं सांगायचा. सांगायची हातोटी होती. माणसं रंगून जायची आणि नेमकं फाटलेल्या जागी आल्यावर विचारायची, "मंग?" त्या वेळी 'पुढचे पानं नाई' म्हणणं त्याच्या जिवावर यायचं. मग तो मनानंच पुढचं सांगायचा. रुसलेला मुलगा परत येई, भांडलेले भाऊ गळ्यात गळा घालत, आणि शेवटी सगळे एका ओळीनं जेवायला बसत. त्याच्या सगळ्या गोष्टींचा शेवट पंगतीत व्हायचा. ऐकणारे खूश होऊन उठायचे, कोणी पाठीवर थाप मारायचं.

वाचनानं माणूस घडतो म्हणतात. ओमप्रकाशही घडला, फक्त अर्ध्या पुस्तकांनी घडला. कसलीही भानगड असो, गोड बोलून ती पंगतीपर्यंत आणता येते, हे त्याच्या मनानं पक्कं घेतलं. पुढे गावात शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून, दोन भाऊ भांडले की ओमभाऊला बोलावणं, कुणाची सून माहेरी जाऊन बसली की ओमभाऊला बोलावणं. तो जायचा, दोन्हीकडच्यांना चुचकारायचा, मिटवून यायचा. मिटवल्यावर पुढे त्या घरात काय झालं हे बघायला तो कधी परत गेला नाही. गोष्ट संपली की त्याच्या लेखी सगळं संपलं.

त्याच्या पाठची बहीण मंदा. शाळा सुटली की ती दुकानाच्या मागच्या खोलीत बसायची आणि पिशव्या करायची. पान फाडायचं, घडी घालायची, कडेला मैद्याची खळ लावायची, सुकायला ठेवायचं. तिची बोटं सदा चिकट असायची. घरात वाचणारा एक आणि पिशव्या करणारी एक, असं ठरूनच गेलेलं होतं, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

मंदाचं लग्न हिंगणीला आनंदराव नावाच्या माणसाशी लागलं. बोर धरणाच्या बाजूला चांगली ओलिताची शेती, घरी माणसंही बरी दिसली. वर्ष उलटायच्या आत मंदा एकटी जामला आली. हातात एक पिशवी. का आली ते तिनं फक्त आईला सांगितलं, आईनं सदाशिवरावांना सांगितलं, आणि मग ते कुणीच कुणाला सांगितलं नाही. पण तिच्या दंडावरचे वळ ओमप्रकाशला दिसले होते. तो काही आंधळा नव्हता.

दिवस जात राहिले. मंदा पुन्हा मागच्या खोलीत पिशव्या करायला बसू लागली. येणारी-जाणारी बाई विचारायची, "काय व मंदा, अजून इथंच?" आई त्या बाईला चहा द्यायची आणि खाली बघायची. त्या दिवसांत ओमप्रकाशच्या हाती एक कादंबरी लागली होती. जिल्दही नव्हती, नावही नव्हतं. त्यातली एक शिकलेली पोरगी सासरच्या माराला कंटाळून भल्या पहाटे घराबाहेर पडते आणि बसस्टँडवर येऊन बसते. समोर दोन गाड्या उभ्या असतात. एक सासरच्या गावाकडे परत जाणारी, दुसरी भलतीकडे, जिथे तिचं कुणी नाही. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ओमप्रकाश ती मंदाला सांगायचा. मंदा मान खाली घालून खळ लावत ऐकायची. शेवटचं उरलेलं वाक्य होतं, 'तिने पिशवी उचलली आणि'. पुढे काहीच नव्हतं.

मंदानं हात थांबवला. "मंग दादा? कोणत्या गाडीत बसली ती?"

ओमप्रकाश क्षणभरही अडखळला नाही. एवढी वर्षं हेच तर करत आला होता. "सासरच्या," तो म्हणाला. "घरी गेली. सासूनं दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणे, माहं चुकलं. मंग सगळे जेवाले बसले."

"असंच आहे पुस्तकात?"

"असंच आहे. मी वाचलं ना."

मंदा त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं उरलेल्या पानांची घडी घातली आणि खळीचं भांडं धुवायला उठली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आपली पिशवी भरली. ओमप्रकाश स्वतः तिला हिंगणीला सोडून आला. पिशवी त्यानंच धरली होती. आनंदरावनं चहा पाजला, हसून बोलला, आणि ओमप्रकाश समाधानानं परतीच्या गाडीत बसला. आपण वाचतो त्याचा घरालाही उपयोग होतो, असं त्याला वाटलं.

त्यानंतरच्या एका उन्हाळ्यात मंदाचा डावा कान गेला. आनंदरावच्या हाताचा तो प्रताप. वर्ध्याच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं की आता या कानानं ऐकू यायचं नाही. मंदानं पाहुण्यांना सांगितलं की विहिरीवरच्या इंजिनाचा हँडल लागला. ओमप्रकाशनंही सगळ्यांना हँडलच सांगितला. तेव्हापासून तो बहिणीजवळ बसायचा तर उजव्या अंगाला बसायचा.

अशी वर्षं गेली. सदाशिवराव गेले, आई गेली. रद्दी बंद झाली, प्लास्टिक आलं. ओमप्रकाशच्या पोरांची लग्नं झाली. मग एकदा वर्ध्याला कामासाठी गेला असताना तो एका वाचनालयात शिरला. उन्हं फार होती आणि आत पंखा होता, एवढंच कारण. कपाटातली पुस्तकं चाळता चाळता एका जुन्या पुस्तकातली पोरगी बसस्टँडवर येऊन बसली. समोर दोन गाड्या. 'तिने पिशवी उचलली आणि'. त्यानं पान उलटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या वाक्यानंतर पान होतं.

ती दुसऱ्या गाडीत बसली होती. भलत्या गावात उतरली, दवाखान्यात झाडूपोछ्याला लागली, हळूहळू दाईचं काम शिकली. सासरची माणसं न्यायला आली तेव्हा तिनं त्यांना पाणी दिलं आणि परत पाठवलं. शेवटच्या पानावर ती म्हातारी झालेली होती आणि अंगणात वाळवण राखत बसली होती.

ओमप्रकाशनं पुस्तक जागेवर ठेवलं. चप्पल पायात घालायचं त्याला सुचेना. घरी आल्यावर गंगा, त्याची बायको, ताट वाढून बसली तर म्हणाला, भूक नाही. आपण बहिणीला एक खोटं पान वाचून दाखवलं आणि ती ते खरं मानून त्या नरकात परत गेली, ही गोष्ट त्याच्या मनात जी रुतली ती रुतली. त्यानंतर हिंगणीला जायचं म्हटलं की त्याला कसलं ना कसलं काम निघायचं. भाऊबीजेलाही तो पोराला पाठवायचा. वाचणं त्यानं सोडलं. लोकांची भांडणं मिटवायला मात्र जात राहिला, कारण नाही कसं म्हणायचं ते त्याला येत नव्हतं.

आणि मग यंदाच्या चैत्रात मंदाबाई स्वतःच जामला आली. आता ती डोईचे केस पांढरे झालेली मंदाबाई. सोबत तिची लेक मयुरी. मयुरी सावंगीच्या एका दवाखान्यात नर्स होती, लग्नानंतर नवऱ्यानं, निकेशनं, नोकरी सोडायला लावलेली. एवढ्या उकाड्यात पोरीनं ओढणी गळ्याभोवती घट्ट गुंडाळली होती आणि घरात आल्यावरही ती काढत नव्हती. गंगानं न विचारता तिच्यापुढे पाणी ठेवलं आणि ओमप्रकाशकडे बघितलं.

मंदाबाईनं दोन वाक्यांत सांगितलं. पोरगी हिंगणीला आली होती. बापानं, आनंदरावनं, चार दिवस ठेवून घेतलं आणि पाचव्या दिवशी म्हणाला, पोरीच्या जातीनं सासरी राहावं. "म्हणून इकडे घेऊन आली," मंदाबाई म्हणाली. "तिच्या सासरचे रविवारी न्याले येऊन राह्यले. मी त्याईले सांगतलं, जामले या. निकेशचा बाप फोनवर काय म्हणते मालूम आहे? म्हणे, मामाजी समजदार आहेत, ते मिटवतीन."

ओमप्रकाशची कानशिलं तापली. समजदार! सगळ्या तालुक्यात त्याची हीच कीर्ती झालेली होती. मारणाऱ्यांना त्याचा भरवसा वाटत होता.

दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून तो मागच्या खोलीत आला. मंदाबाई भिंतीला टेकून बसली होती, मयुरी तिच्या डाव्या बाजूला, गुडघे पोटाशी घेऊन. ओमप्रकाश सवयीनं बहिणीच्या उजव्या अंगाला बसला. रविवार तोंडावर होता. काहीतरी बोलायला हवं होतं.

मंदाबाईच म्हणाली, "दादा, इले ते गोष्ट सांग. मले सांगतलती ते. बसस्टँडवरच्या पोरीची."

ओमप्रकाशच्या पायाखालची जमीन सरकली. ही अजून तीच गोष्ट धरून बसली आहे, त्याच गोष्टीनं आता लेकीलाही परत पाठवायला निघाली आहे, असं त्याला वाटलं. त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग सगळं बाहेर पडलं.

"मंदे, ते खोटं होतं. त्या पुस्तकाचे शेवटचे पानं माह्याजवळ नव्हतेच. मी मनानं सांगतलं. लय मागून मी ते पुस्तक पुरं वाचलं, वर्ध्याले. ते परत नाई गेली व. दुसऱ्या गाडीत बसली ते. मी तुले खोटं सांगतलं अन् तू माह्या बोलण्यावर गेली. तवापासून मले तुह्यापुढे तोंड दाखवाची लाज वाटते."

तो रडत होता. साठीला टेकलेला माणूस, नाकातून पाणी येईस्तोवर रडत होता. मयुरी घाबरून आईकडे बघायला लागली. मंदाबाईनं त्याला रडू दिलं. तिच्या चेहऱ्यावर ना राग होता ना नवल.

"पानं तुह्याजवळ नव्हते हे मले मालूम होतं," ती म्हणाली. "मीच फाडले होते ते. शेंगदाण्याच्या पिशव्या केल्या त्याच्या."

ओमप्रकाशनं मान वर केली.

"अन् वाचलेही होते. फाडता फाडता वाचतच होती मी, दादा. सगळेच पुस्तकं. तू पुढून वाचे, मी मागून. तुले कोणी विचारे तरी, काय वाचलं म्हणून. मले कोणी विचारलं नाई." ती जरा थांबली. "ते दुसऱ्या गाडीत बसली, दाई झाली, म्हातारपणी वाळवण राखे. मले सगळं पाठ होतं."

"मंग..." ओमप्रकाशनं डोळे पुसले. "मंग मले काऊन विचारलं तू?"

"पुस्तकात काय आहे ते मले मालूमच होतं ना. तुह्या मनात काय आहे ते मालूम नव्हतं." मंदाबाई साडीच्या पदराची कड बोटांनी सारखी करत होती, जशी पूर्वी पिशवीची कड दाबायची. "मायचं समजलं होतं, बाबाचं समजलं होतं. म्हटलं, दादा वाचणारा आहे. तो म्हणन, दुसऱ्या गाडीत बसली. मंग मी बाबाले सांगणार होती, मी नाई जात, दादा माह्या बाजूनं आहे. एवढंच आयकाचं होतं मले. तू म्हणला, परत गेली, सगळे जेवाले बसले. मंग मी पिशवी भरली."

ओमप्रकाशला वाटत होतं की आपण इतकी वर्षं एका खोट्या पानासाठी झुरलो. आता कळलं की ते पान ही तर फार लहान गोष्ट होती. बहिणीनं त्याला पुस्तकाबद्दल विचारलंच नव्हतं. दंडावरचे वळ त्यानं पाहिले होते, तिची पिशवी त्यानं हातात धरली होती, आणि 'नको जाऊ' हे दोन शब्द त्याच्या तोंडून निघाले नव्हते. त्यासाठी कुठलंही पुस्तक शेवटपर्यंत वाचावं लागत नव्हतं. त्याला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि झालेलं गोड करून सांगायची त्याची सगळी हातोटी त्या घटकेला काही कामाची नव्हती.

मयुरी हळूच म्हणाली, "मामाजी, रविवारी ते लोकं आले तर तुमी काय म्हणान?"

ओमप्रकाश उठला. बहिणीला वळसा घालून पलीकडे गेला आणि भाचीसमोर खाली बसला. तिच्या गळ्याच्या ओढणीकडे त्यानं बघितलं, या वेळी नजर काढून घेतली नाही. तिच्यापुरत्याच हळू आवाजात तो म्हणाला,

"तू नको जाऊ. इथंच राहा. त्याईले पाणी पाजून वापस पाठवतो मी. सावंगीची नोकरी पाहू पुन्हा. हे घर तुहं आहे."

पोरीनं गुडघ्यांत डोकं घातलं आणि तिचे खांदे हलायला लागले.

तो हे बोलला ते मंदाबाईच्या डाव्या अंगाला बसून. तिनं लेकीकडे बघितलं, मग त्याच्याकडे, आणि उजवा कान त्याच्याकडे करत विचारलं, "काय म्हणला तू तिले?"

ओमप्रकाशनं मोठ्यानं, दुकानापर्यंत जाईल अशा आवाजात पुन्हा म्हटलं, "नको जाऊ म्हणलं. इथंच राहा म्हणलं."

मंदाबाई लेकीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "तवा मले दोन्ही कानानं आयकू येत होतं, दादा."